खिशातला फोन

"तुम्ही जेवलात का, ते आधी सांगा. मताचं मग बघू," प्रेमलाबाई फोनवर म्हणाल्या.

सिंगापूरच्या बुकित पंजांगमध्ये सकाळचे सात वाजले होते आणि न्यू जर्सीत आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सात. भाची नीलिमा तिकडे अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीला उभी होती. तिथल्या मराठी म्हाताऱ्यांना फोन करून मताला बाहेर काढायचं काम प्रेमलाबाईंनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. स्वतः बोलायची संधी आत्ता कुठे मिळाली होती, आणि ती त्या पुरेपूर वसूल करत होत्या.

सून चैत्राली ऑफिसला निघता निघता थांबली. फोन संपल्यावर म्हणाली, "आई, कॅम्पेनवाल्यांचा मेसेज आलाय. एका फोनला तीनच मिनिटं. भाऊसाहेबांना काल तुम्ही पंचवीस दिलीत. ते मत देणार नाहीत म्हणतात ना? मग यादीतून काढायचं त्यांना."

"नाही म्हणाले, पण फोन ठेवला नाही त्यांनी. समोरच्यानं ठेवल्याशिवाय मी ठेवत नाही. एक्स्चेंजपासूनचा नियम आहे माझा."

चैत्रालीनं हात टेकले.

भाऊसाहेब चौऱ्याऐंशी वर्षांचे, एकटेच राहायचे. मतदानाचा विषय काढला की त्यांचे गुडघे दुखायला लागत. दुसऱ्या दिवशीही गुडघ्यांचं पुराण सांगून झालं आणि ते गप्पच बसले. प्रेमलाबाईंनी वाट पाहिली. खिडकीबाहेरून एलआरटीची छोटी रेल्वे गेली. फ्लॅट जवळ येताच, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून, तिच्या काचा नेहमीसारख्या आपोआप धूसर झाल्या. मग आणखी एक गेली.

"गुडघ्यांचं काही नाही हो, ताई," भाऊसाहेब म्हणाले. "आम्ही दोघं मिळून जायचो मत द्यायला. आता रांगेत एकट्यानं उभं राहवत नाही."

प्रेमलाबाईंचे यजमान जाऊनही तीन वर्षं झाली होती.

"मग एकटे जाऊच नका," त्या म्हणाल्या. "फोन खिशात चालू ठेवा. दारापर्यंत मी आहे."

मतदानाच्या दिवशी भाऊसाहेब खरंच निघाले. रांग लांबलचक होती. पन्नास मिनिटं प्रेमलाबाईंनी त्यांना कांदेपोहे, जावई आणि सिंगापूरचा उकाडा यांवर बोलतं ठेवलं. दार आलं तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "आत फोन चालत नाही. ठेवतो हं, ताई."

नीलिमा साडेआठशे मतांनी पडली. प्रेमलाबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. यादी बंद झाली आणि सकाळी सात वाजता काय करायचं ते त्यांना कळेना.

शनिवारी बरोबर सातला फोन वाजला.

"ताई, आपण पेपरात आलोय," भाऊसाहेब म्हणाले.

तिथल्या स्थानिक पेपरनं विजयी उमेदवाराच्या बातमीखाली रांगेचा फोटो छापला होता. भाऊसाहेबांनी तो पाठवला. मरून मफलर, कानात वायर आणि खळखळून हसणारा म्हातारा.

"खाली लिहिलंय, हे चौऱ्याऐंशी वर्षांचे मतदार एकटेच आले होते."

"काहीही छापतात मेले," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि दोघंही हसले.

मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. भाऊसाहेबांनी फोन ठेवला नाही. प्रेमलाबाईंनी तो स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला आणि उपम्यासाठी कांदा चिरायला घेतला.