पुन्हा एकदा घर्षण

विज्ञानाच्या बाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत तीन शाळा कोंबलेल्या असत. सकाळची खरी शाळा, दुपारचा रस्त्यापलीकडचा खासगी क्लास आणि संध्याकाळी स्वतःच्याच स्वयंपाकघरात फतकल मारून बसणारी शिकवणीची पोरं. सगळीकडे सातवी, सगळीकडे तेच पुस्तक. कुठे काय शिकवून झालं हे लक्षात ठेवायला एखादा कारकून ठेवावा, असं बाईंना कधी कधी वाटे. पण त्याचा पगार काढायला आणखी एक शिकवणी धरावी लागली असती.

याचं मूळ होतं नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत. लोकांच्या खिशाखिशात कॅमेरे आले आणि स्टुडिओने मान टाकली. कर्ज मात्र ठणठणीत राहिलं. ते बाईंच्या नावावर होतं, कारण घरात पगार नावाची चीज फक्त त्यांच्याकडे होती. नवरा लाख माणूस. अजूनही आल्यागेल्याला सवयीने ‘हनुवटी जरा वर’ म्हणायचा.

“आज तपासणी ना गं? कुठला धडा?” चहा गाळता गाळता त्याने विचारलं.

“घर्षण.”

“परवा झोपेत तोच शिकवत होतीस. मी उत्तरंही दिली.”

“बरोबर दिलीस का?”

“शाबास म्हणालीस की!”

बाई हसल्या नाहीत. एका पायात चप्पल अडकवून त्या दुसरी शोधत होत्या. आजचा पाठ तपासणीला येणाऱ्या मॅडमना पसंत पडला, तर रखडलेली वरची श्रेणी मिळणार होती. श्रेणी मिळाली की पगार वाढणार, पगार वाढला की दुपारचा क्लास सुटणार, क्लास सुटला की दुपारी जरा आडवं होता येणार. बाईंच्या साऱ्या महत्त्वाकांक्षेची धाव तेवढीच होती. आडवं होणं.

वर्गात तपासणीच्या मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. हेडसर शेजारी हात बांधून असे उभे, जणू परीक्षा त्यांचीच होती. टेबलावर बाईंचा फोन थरथरला. हप्त्याच्या तारखेला बँकेतली एक मुलगी फोन करून इतक्या गोड आवाजात ‘ताई’ म्हणायची की सख्ख्या बहिणीची आठवण यावी. बाईंनी फोन पालथा घातला आणि काडेपेटी वर धरली.

“मुलांनो, आज आपण एक नवीन धडा शिकणार आहोत.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

“ही काडी कशामुळे पेटते?”

सगळ्या वर्गाचे हात वर. बाईंना भरून आलं. त्यांनी दुसरा प्रश्न अर्धा विचारला, तर उरलेला अर्धा मुलांनीच विचारून उत्तरही देऊन टाकलं. फरशी ओली झाली की पाय का घसरतो, कॅरमवर पावडर का टाकतात, टायरला खाचा का असतात. बाईंनी तोंड उघडायच्या आत उदाहरणं हजर, तीही त्यांच्याच क्रमाने.

“बाई, ती काडेपेटी दमट आहे,” पहिल्या बाकावरून एकजण म्हणाला. “मागच्या वेळी...”

शेजारच्याने त्याला अशी कोपरखळी मारली की वाक्य तिथेच संपलं.

तेव्हा बाईंची नजर मागच्या भिंतीवर गेली. बरोबर मॅडमच्या डोक्यावर एक तक्ता लटकत होता. ‘घर्षण’. खाली ‘इयत्ता सातवी’, आणि कोपऱ्यात लाल शाईत ‘छान!’ अक्षर बाईंचंच.

मॅडमनी नुसती मान मागे वळवली असती, तरी श्रेणी गेली असती.

बाईंची नजर कुठे गेली ते मुलांनी पाहिलं. दिवसभर तोंड चालू असायचं म्हणून सगळे जिला रेडिओ म्हणत, ती मुलगी ताडकन उठली. “बाई, घर्षण म्हणजे काय हो? मी तर हा शब्द जन्मात ऐकला नाही!”

वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराने लगेच चुकीचं उत्तर दिलं. दुसऱ्याने ते दुरुस्त केलं. तिसरा असं “अच्छा!” म्हणाला की नाटकमंडळीने त्याला तिथूनच उचलावं. मॅडमची मान काही मागे वळली नाही. त्या भराभर लिहीत होत्या.

“आणि घर्षणच नसतं तर?” बाईंनी शेवटचं विचारलं.

“एकदा सुरू झालेलं थांबलंच नसतं, बाई,” रेडिओ म्हणाली. हे मात्र तिने नाटक न करता सांगितलं.

टाळ्या वाजवून पाहुणे चहाला गेले. बाई खुर्चीत बसल्या आणि लगेच उठून रेडिओच्या बाकापाशी गेल्या. “कितव्यांदा शिकवला गं मी हा?”

“चौथ्यांदा, बाई.”

“आणि एकानेही सांगू नये?”

“दुसऱ्यांदा वाटलं, पक्कं करून घेताय. तिसऱ्यांदा तुम्ही फळ्याला टेकून डोळे मिटलेत. मग कोण सांगणार?”

“पुढचे धडे मग?”

“जे दुपारच्या क्लासला येतात ना तुमच्याकडे, त्यांचे झालेत,” रेडिओ सहज म्हणाली. “आमचं घर्षण पक्कं झालंय.”

ती टोमणा मारत नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. रेडिओच्या घरी क्लासची फी परवडत नव्हती, हे बाईंना ठाऊक होतं.

हेडसरांच्या खोलीतून बोलावणं आलं. आत मॅडम चहात बिस्किट बुडवत होत्या. “या, या! मूल न् मूल तयार! श्रेणीची शिफारस आत्ताच लिहिते. फक्त दर शनिवारी इतर शिक्षकांसमोर हा आदर्श पाठ द्यायचा. मानधन नाही हं, मान आहे.”

“देते. पण मुलं हीच हवीत, आणि दर वेळी पुढचा धडा घेईन.”

“छे, छे! हाच हवा. काय रंगला होता!”

फोन पुन्हा थरथरला. बाईंना उशी दिसली, दुपार दिसली, ओढलेला पडदा दिसला.

“हा नाही जमायचा, मॅडम,” त्या म्हणाल्या. “या मुलांना मी हा चौथ्यांदा शिकवलाय.”

हेडसरांचं बिस्किट चहात तुटून पडलं. मॅडमनी आधीचं खोडलं आणि नवं लिहिलं: ‘यथावकाश विचार व्हावा.’ या तीन शब्दांच्या सावलीत कित्येक माणसं निवृत्त झाली होती.

“अहो बाई, जरा गप्प बसला असतात तर!” हेडसर दारापर्यंत पुटपुटत आले.

“तास संपायचाय अजून,” म्हणत बाई जवळजवळ पळतच निघाल्या. फोन त्यांनी वाटेतच उचलला. “हो गं ताई, क्लासचे पैसे आले की भरते,” म्हणाल्या आणि बंद केला.

वर्गात जाऊन त्यांनी तक्ता उतरवला आणि फळ्यावर नव्या धड्याचं नाव लिहिलं. खडू हातातच राहिला. त्या मागे वळल्या.

“हा नवाच आहे ना रे?”

क्लासवाल्यांनी तोंड उघडलं होतं, पण रेडिओने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते मिटलं.

“आम्हाला नवा आहे, बाई,” ती म्हणाली. “शिकवा.”