कार्डावर अठरा

आमच्या मार्केटात मला पाठीमागे मास्तरीणबाई म्हणतात. म्हणू देत, माझं काय जातंय! मी गेमच्या डिस्क विकते, आणि ज्या डिस्कच्या कव्हरवर अठरा छापलेलं असतं ती अठराच्या आतल्या पोराच्या हातात देत नाही. मला कुणी कायदा दाखवलेला नाही, पोलीसही कधी विचारायला आलेले नाहीत. शेजारचे दुकानदार तर चड्डीतल्या पोरालाही मुंडकी उडवायचा गेम टेकवतात. ते गेम मी स्वतः खेळते, मला आवडतातही. पण मी बेचाळीस वर्षांची घोडी आहे, मला काय धाड भरणार आहे? लहान पोराला मात्र माझ्या दुकानातून तसलं काही मिळणार नाही.

दुकान जळगावात, बस स्टँडच्या मागच्या मार्केटात पहिल्या मजल्यावर. विक्री मी बघायची आणि दुरुस्ती माझा धाकटा भाऊ योगराज करायचा. आईबाप गेले तेव्हा तो तिसरीत होता. मीच त्याला वाढवला, मारला, शिकवला. कंट्रोलर उघडून केसाएवढ्या तारा जोडताना त्याच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. धुळ्याहून, शिरपूरहून लोक मशीन घेऊन यायचे ते त्याच्या हातासाठी.

शहरातल्या पोराचं आधार कार्ड बघितलं की माझं काम संपतं. खेड्यावरच्या पोरांचं तसं नाही, कारण त्यांच्यातले निम्मेअधिक एक जूनला जन्मलेले. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवत नसली की गुरुजी एक जून लिहून मोकळे, आणि वर्षही बापाच्या सोयीचं. तेच पुढे आधार कार्डावर चढतं. म्हणून एक जून दिसला की मी कार्ड बाजूला ठेवते आणि तोंड बघते.

नवलचं तोंड बघितलं ते वैशाखातल्या एका दुपारी. चोपड्याकडच्या खेड्यातला, केळीच्या बागेत राबणाऱ्या घरातला पोरगा. दोन मित्रांना घेऊन आला होता आणि नव्या आलेल्या लढाईच्या गेमवर बोट ठेवून उभा राहिला. मी कार्ड मागितलं. अठरा पूर्ण, तारीख एक जून. वर बघितलं तर ओठावर नुसती लव, आणि आवाज अजून फाटका.

"नाही मिळणार," मी म्हटलं.

"का? कार्ड वाचा ना मॅडम."

"कार्ड अठराचं असेल बाळा. तू नाहीस."

मित्र खी खी करून हसले. तो लालबुंद झाला. "वाची ले ना नीट! अठरा पुरं शे मनं!" असं ओरडून त्याने काचेवर थाप मारली. मग माझंही डोकं सटकलं. "जा, आईच्या कडेवर बसून ये," मी म्हणाले. कोपऱ्यात बसलेला योगराजही हसला. पोरगा जिना उतरून गेला, आणि मी कपाट पुसायला लागले.

तो परत आला तेव्हा एकटाच होता. हातात केळीचे घड कापायचा कोयता, बहुतेक गाडीच्या पिशवीत होता. त्याने पहिला घाव काचेच्या कपाटावर घातला. काचा माझ्या तोंडावर उडाल्या. दुसरा घाव गेमच्या मशीनवर, तिसरा डिस्कच्या मांडणीवर. "बाळ म्हनस का मले? बाळ म्हनस?" असं किंचाळत तो फोडत सुटला. मी स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. तो वळला आणि कोयता माझ्या डोक्यावर उगारला. मध्ये योगराज आला. त्याने उजवा हात वर केला, आणि तो घाव त्या हाताने घेतला.

योग्या ओरडलासुद्धा नाही. नुसता हाताकडे बघत राहिला. अंगठ्याजवळची दोन बोटं तुटून टेबलावर पडली होती, तिथेच त्याची दुरुस्तीची हत्यारं होती, आणि रक्त भिंतीवर पिचकारीसारखं उडत होतं. ते बघून पोराच्या हातातून कोयता गळाला. तो म्हणाला, "मी... मी नाही..."

पुढचं मी केलं. त्याला केसांना धरून फरशीवर पाडलं आणि स्टुलाच्या पायाने मारलं. तोंडावर मारलं, बरगडीत मारलं, पुन्हा तोंडावर मारलं. त्याचे दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं. तो हात जोडत होता, मी त्या हातांवरही मारलं. मार्केटातल्या लोकांनी मला ओढून काढलं नसतं तर मी त्याला तिथेच संपवला असता.

बोटं काही जोडली गेली नाहीत. डॉक्टर म्हणाले, चिंधड्या झाल्यात. त्या संध्याकाळी फौजदार दवाखान्यात आले आणि जबाब घ्यायला लागले. आरोपीचं वय त्यांनी सहज विचारलं. माझे कपडे भावाच्या रक्ताने कडक झाले होते. मी म्हटलं, "कार्डावर अठरा आहे ना? मग अठराच लिहा." तो गेम मी त्याला का नाकारला ते मी बोललेच नाही. बाचाबाची झाली, एवढंच सांगितलं. पोराला मोठ्या माणसांच्या तुरुंगात टाकलं, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावून. मी म्हटलं, सडू दे मेल्याला.

काही आठवड्यांनी त्याचा बाप दुकानात आला. अभिमन नाव त्याचं. उन्हाने रापलेला उंच माणूस, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. मागे त्याची मुलगी रूपाली, कॉलेजात जाणारी. दारातच त्याने टोपी काढली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. मी पायातली चप्पल काढून त्याच्या पाठीत हाणली. एकदा, दोनदा, किती वेळा कोण मोजतंय. तो वाकलेलाच राहिला. शेवटी माझाच हात दुखायला लागला.

"मारा ताई," तो म्हणाला. "पन ऐकी ल्या. मना पोर्‍या सोळानाच शे."

"मग कार्डावर अठरा कुठून आलं?"

"मीच लिखाडं. ही रूपाली सहा वरीसनी व्हती, एकटी शाळामा जाये ना, रडे. आम्ही दोन्ही नवरा-बायको बागमा. म्हनीसन त्या चार वरीसना पोर्‍याले हिना संगे बसाडी दिधा. गुरुजीले सांगं, जुळा शेतस, लिखी ल्या. बठ्ठी चूक मनी शे."

म्हणजे दोन वर्षांनी लहान भाऊ कागदावर बहिणीचा जुळा झाला होता. दोघांचाही एक जून, दोघांचंही एकच वर्ष. मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच चीड आली.

रूपालीने पुढचं सांगितलं. "ताई, तिथे बराकीत त्याला रोज मारतात. दात नाहीत म्हणून पेज पितो, तर तीही सांडून देतात. वकील म्हणतात, वय ठरवायला हाडांची तपासणी मागू, पण शाळेचा दाखला अठरा सांगतो, आणि आम्ही घरचे, आमचं कोण ऐकणार? त्याचे मित्र तर तोंड लपवून बसलेत. तुम्ही त्याला लहान म्हणून परत पाठवलं, असं त्याने सांगितलं. तेवढंच कोर्टात सांगा. शिक्षा होऊ दे त्याला. पण पोरांच्यात ठेवू दे."

"चालते व्हा," मी म्हणाले. "माझ्या भावाची बोटं आणून द्या आधी."

ते गेल्यावर मागच्या पडद्याआडून योगराज बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. हाताला बँडेज, दाढी वाढलेली. दिवसचे दिवस तो नुसता टेबलाशी बसून राहायचा, डाव्या हाताने स्क्रू काढायला जायचा आणि स्क्रू घरंगळला की पक्कड भिंतीवर फेकायचा.

"अक्का, तू सांगणार नाहीस," तो म्हणाला.

"योग्या, पोरगा लहान होता रे. तूही बघितलंस."

"मी काही बघितलं नाही!" त्याने टेबलच उलथवलं. सुटे भाग फरशीभर पसरले. "मी फक्त हा हात बघतो. सकाळी उठून बघतो, जेवताना बघतो. घास सांडतो माझा, अक्का! त्याला पेज मिळत नाही म्हणे. मिळू नये! मरू दे त्याला तिथे. तू कोर्टात तोंड उघडलंस तर तुला भाऊ नाही, लक्षात ठेव."

मी म्हटलं नाही उघडणार. माझ्या पोटच्या पोरासारखा तो, त्याला मी आणखी काय म्हणणार होते? आणि खरं सांगू, मलाही उघडायचं नव्हतं. अभिमनने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. पण तारखेचं बोलावणं आलं आणि जावं लागलं.

कोर्टात पंखे नुसतेच फिरत होते. आरोपीला आणला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, डोळ्याखाली ताजी जखम, वरच्या ओठाजवळ मी मारलेल्याची वाकडी खूण. पोलिसाने खांद्याला हात लावला तर त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले, मार चुकवायला धरतात तसे. मग मला बघितलं आणि तो आणखीच आक्रसला. मला वाटलं होतं बघून गार वाटेल. गार नाही वाटलं.

त्याच्या वकिलांनी विचारलं, "बाई, कार्डावर अठरा पूर्ण होतं. मग तुम्ही गेम का दिला नाही?"

योगराज समोरच्या बाकावर बसला होता. त्याने नाही अशी मान हलवली, अगदी थोडी. मी कठडा धरला. हजारदा घोकून आले होते, की माल संपला होता म्हणून दिला नाही. किती सोपं होतं! दुकानात रोज किती जणांना असंच सांगते मी. पण त्या पोराचे हात अजून डोक्यावरच होते.

"कारण तो लहान आहे," मी म्हणाले. "कार्ड मी मानलंच नव्हतं. मी त्याला तोंडावर म्हटलं, कार्ड अठराचं असेल, तू नाहीस. पंधरा-सोळाचा पोरगा आहे हा, साहेब. मला तेव्हाही दिसत होतं आणि आताही दिसतंय."

"मग पोलिसांना का सांगितलं नाहीत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मरावा वाटत होतं मला तो."

कोर्टात कुणीतरी श्वास ओढला. कोकलत रडायला लागली ती पोराची आई असावी, मी वळून बघितलं नाही. न्यायाधीशबाईंनी हाडांच्या तपासणीचा हुकूम दिला आणि तोवर त्याला मोठ्या माणसांतून हलवायला सांगितलं.

बाहेर कडुनिंबाखाली योगराज माझी वाट बघत होता. मी जवळ गेले. त्याने मला उजव्या हाताने मारलं, पूर्ण ताकदीने, कानाखाली. वकील, पक्षकार, चहावाला, सगळे बघत राहिले. अभिमन धावत आला, मी त्याला हाताने थांबवलं.

"मार, योग्या," मी म्हणाले. "तुझा हक्क आहे. अजून मार."

त्याने हात पुन्हा उगारला, या वेळी मूठ करायला गेला. उरलेली दोन बोटं आणि अंगठा वळले, मधे जागा रिकामी राहिली. मूठ काही होईना. तो तसाच हात हवेत धरून बघत राहिला, मग मटकन खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा भोकाड पसरून रडायला लागला. मी त्याच्या शेजारी धुळीत बसले. जवळ घ्यायला गेले तर त्याने मला ढकलून दिलं.