कामरगावच्या मोटारीची बोटभर फट

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. किती जुनी, ते माझ्याकडे बघून कळणार नाही, कारण मी गंजत नाही. मी पत्र्याची नाहीच. काचेच्या बारीक धाग्यांचं कापड राळेत भिजवून वाळवतात, त्याला फायबर म्हणतात. मी त्याची आहे. कामरगावात मला 'टोपल्याची मोटार' म्हणत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. टोपल्याला निदान दार नसतं, त्यामुळे त्यात कोणी अडकत नाही.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात सुटा सुटा झाला. नाक वेगळं, पाठ वेगळी, दारं वेगळी. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हे सगळं घरच्या घरी जोडता येतं. कोणाच्या घरी, ते लिहिलं नव्हतं. खिडक्यांच्या काचा कारखान्यानं पक्क्या बसवून दिल्या होत्या. त्या उघडायची सोय बहुधा पुढे कधीतरी करणार होते.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी मूर्तिजापूरहून छोट्या रेल्वेनं कारंजाला आले. डब्यात माझ्या अंगावर गुळाच्या भेल्या रचल्या होत्या. उन्हानं मी मऊ झाले आणि भेल्यांनी मला स्वतःचा आकार दिला.

मला मागवलं होतं घेवरचंदशेठनं. त्यांचं कामरगावात कापडाचं दुकान होतं, पण खरा धंदा काळजीचा. रोज कुलूप लावून ते दहा पावलं जात आणि परत येऊन कुलूप ओढून बघत. त्यांच्या आईनं, भंवरीबाईनं, पर्युषणात अठाई करायचं ठरवलं होतं. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. नवव्या दिवशी मिरवणूक आणि मग पारणं. आईनं मिरवणुकीत मोटारीतून जावं, म्हणून मी.

मला जोडलं निजामुद्दीन मिस्त्रीनं. शेतातले पंप दुरुस्त करणारा शांत माणूस. एका म्हाताऱ्या जीपच्या सांगाड्यावर त्यानं मला चढवलं आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. दार आणि अंग यांच्या मधून पलीकडचा बैल दिसत होता.

"शेठ, ह्या फटी नाहीत. ह्या गल्ल्या हायेत."

डावं दार तर इतकं वाकडं होतं की त्यानं ते कायमचंच बुजवून टाकलं. ये-जा उजवीकडून. उजव्या दाराला मात्र त्यानं जीव लावला. दार लावायचं, अंगाच्या कडेला तेलकट कागद डकवायचा आणि दाराच्या कडेवर कापड ठेवून राळेचा लेप द्यायचा. कागदामुळे लेप अंगाला चिकटत नाही, नुसती दाराची कड वाढते. दुसऱ्या दिवशी कानस. राळेत एक औषध घालावं लागे, थेंब मोजून. त्यानं ती आळते.

राळ चिकट. तिच्यावर मुंगी, माशी बसली तर? शेठच्या जिवाला घोर लागला. त्यांनी माझ्यावर भलीमोठी मच्छरदाणी टांगली. मिस्त्री आत, शेठ बाहेर. मच्छरदाणीतून त्यांना डबा दिसायचा, कुंचला दिसायचा. कागद काही दिसला नाही. मित्रांनो, हे लक्षात असू द्या.

नवव्या दिवशी सकाळी भंवरीबाई उजव्या दारानं आत शिरल्या आणि सरकत डावीकडे बसल्या. अंगात वाळल्या पापडाएवढं वजन उरलं होतं. मिस्त्री स्टिअरिंगमागं बसला. दार लागलं. आणि त्याच वेळी आभाळ भरून आलं.

दाराच्या कडेनं अजून थोडा उजेड आत येत होता. शेठना तो दिसला. पाऊस आला, फटीतून कच्च्या पाण्याचा एक थेंब आईच्या तोंडात गेला, की आठ दिवसांची तपश्चर्या त्या एका थेंबात वाहून जाणार. बॅंडवाले वाजवायला लागले होते. मिस्त्री समोरच्या गर्दीकडे बघत होता, हाका मारून त्याला ऐकू जाईना. शेठनी राळेचा डबा उचलला. लवकर वाळावं म्हणून औषधाची अख्खी बाटली त्यात उलटी केली आणि माझं दार चहूबाजूंनी स्वतःच्या हातानं लिंपलं. वरच्या कोपऱ्यापर्यंत आले तेव्हा डब्यातून धूर निघाला आणि कुंचला आतच दगड झाला. कोपऱ्यात बोटभर फट राहिली.

मी ओरडू शकत नाही. हॉर्न अजून बसवला नव्हता.

मिरवणूक गावभर फिरली. पाऊस आला नाही. घरासमोर भंवरीबाईंची सून अंगुरीबाई आरती आणि मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन उभी होती. तिनं दार ओढलं. शेठनी ओढलं. बॅंडवाल्यानं ढोल खाली ठेवून ओढलं. मी अख्खी हलले, दार नाही हललं.

निजामुद्दीननं आतून कडेवर नख मारून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. फटीला तोंड लावून तो म्हणाला, "शेठ, कागद लावला होता का?"

"कोनता कागद?"

निजामुद्दीननं कडेवरचं नख काढून घेतलं.

"मंग लाथ मार ना," बाहेरून शेठ म्हणाले.

"कशी मारू? ह्याचा भुगा म्हंजे काचच हाय. उडून माँजीच्या तोंडात गेला तं? पारनं व्हाचं हाय अजून."

खिडकी फोडायचंही तेच. पदर कितीही ओढला तरी एखादा कण तोंडात जाणारच, म्हणून पारण्याआधी दार उघडायचं नाही, आणि दार उघडल्याशिवाय पारणं नाही. आत उकाडा वाढत होता. भंवरीबाईंचं डोकं माझ्या डाव्या दाराला टेकलं आणि त्यांचे डोळे मिटायला लागले. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या पक्क्या काचांची जेवढी लाज वाटली, तेवढी कशाची वाटली नाही.

"बाई, त्या कोपऱ्यातून चमचा जाईल," अंगुरीबाई फटीतून सासूला हळूच म्हणाली.

चमचा आडवा जात नव्हता. उभा धरला तर मुगाचं पाणी सांडत होतं. शेवटी तिनं रिकामा चमचा आधी सरकवला आणि मग मुगाच्या पाण्यात बुडवलेला कोरा पंचा फटीतून पिळला. निजामुद्दीननं चमचा खाली धरला. तो भरला.

आता दुसरी पंचाईत. त्या घरात पारण्याचा पहिला घोट स्वतःच्या हातानं घेत नसत, घरच्या माणसानं भरवायचा असतो. मिस्त्री चमचा धरून बसला. नखांत राळ होती.

बाहेर कोणीतरी पुटपुटलं, "घरातलाच हात पाह्यजे."

भंवरीबाईंनी डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता, पण फटीतून सगळ्यांना ऐकू गेला.

"दार लागलं का आत थे घर. घरात मी हाव अन् निजाम हाय. तिसरं कोनी दिसते का तुमाले?"

मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "काहून थांबला, बेटा? थंडं होऊन राह्यलं."

त्यानं भरवलं. शेठ बाहेर काचेला नाक लावून उभे होते आणि त्यांच्या श्वासानं काच धूसर झाली होती, त्यामुळे त्यांना नेमकं तेच दिसलं नाही. त्यांनी ते पुढे आयुष्यभर सगळ्यांना विचारलं.

वाटीभर पाणी असं चमच्या चमच्यानं आत गेलं. भंवरीबाईंनी तोंड पुसलं, पदर डोक्यावरून पार गळ्यापर्यंत ओढून घेतला आणि आतून म्हणाल्या, "हं. मार आता लाथ."

औषध जास्त झालं की राळ पापडासारखी ठिसूळ होते. एका लाथेत माझं दार अंगणात जाऊन पडलं. अंगुरीबाईनं आरती ओवाळली, आधी सासूला आणि मग, ताट हातात होतंच म्हणून, मिस्त्रीलाही.

दार पुन्हा बसवलं, कागद लावून. वरच्या कोपऱ्याजवळ मिस्त्री पोचला तेव्हा भंवरीबाई ओट्यावरून म्हणाल्या, "थे राहू दे." दर पावसाळ्यात तिथून पाणी गळायचं आणि शेठ दर पावसाळ्यात काळजी करायचे.

आता मी कापसाच्या गोदामामागे उभी आहे. मच्छरदाणीचा एक तुकडा अजून आरशाला अडकलेला आहे. मित्रांनो, मला दुरुस्त करावंसं वाटलं तर जरूर या. माझ्या पाठीला तडे गेले आहेत, ते भरा. कागद लावा, औषध थेंबानं घाला. पण लेप द्यायच्या आधी काचेवर टकटक करून विचारा, आत कोणी बसलंय का. आणि उजव्या दाराच्या वरच्या कोपऱ्याला हात लावू नका. तिथून एकदा एका माणसाचं पारणं झालं आहे.