भावजींचे कान

नवी गिटार काळीभोर आणि चकचकीत, वाकून पाहिलं तर तोंड दिसेल अशी. जुनी एके काळी लाल होती. माझा कोपर टेकतो तिथला रंग उडून आता लाकूड उघडं पडलंय. रविवारी दुपारी मी दोघींना पलंगावर शेजारी शेजारी ठेवलं, अ‍ॅम्प्लिफायर चालू केला आणि बायकोला बोलावलं. एक असताना दुसरी गिटार कशाला, हा तिचा महिनाभराचा प्रश्न होता. उत्तर मला तिच्या कानांवर घालायचं होतं.

"आधी जुनी," म्हणत मी वायर जोडली. तारेला हात लावायच्या आधीच घुरघुर सुरू झाली. "ऐकलंस? ही भावजींची कृपा."

भावजी म्हणजे ताईचे यजमान. घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. पंखे, इस्त्र्या, सगळं येतं, पण त्यांचा जीव वाद्यांवर. आठ महिन्यांपूर्वी जुनीत ही घुरघुर शिरली तेव्हा मी ती त्यांच्याकडेच टाकली. त्यांनी आतल्या सगळ्या जोडण्या नव्याने केल्या आणि गिटार ताईच्या हाती घरी पाठवली. मी लावून पाहिली, तर घुरघुर जशीच्या तशी. तिथल्या तिथे फोन केला.

"इथे तर शांत होती रे," ते म्हणाले. "एकदा घेऊन ये. तुझी वायर पण आण."

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. वयाने माणसाचं काय काय जातं हे मला कुणी शिकवायला नको. "भावजी," मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू आली नसेल. वय झालं की व्हायचंच."

"असेल बाबा," ते म्हणाले.

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! शनिवारी आमच्या ग्रुपची प्रॅक्टिस असते. तिथे मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, वर कानामागे हात धरून भावजींची नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. पुढे ती नक्कल नेहमीचीच झाली. आणि एकेकाने आपली वाद्यं भावजींऐवजी दुसरीकडे दुरुस्तीला टाकायला सुरुवात केली.

"आता नवी." मी वायर काढून काळीत खुपसली.

घुरघुर.

बायको टॉवेलच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "हिलाही भावजींनी हात लावलाय का?"

मी बटणं फिरवली, पंखा बंद केला, प्लग बदलला. घुरघुर हटेना. विकत घेताना दुकानात तर ही चिडीचूप होती. मग खोक्याच्या तळाशी नव्या गिटारीबरोबर आलेली वायर दिसली. ती लावली. शांत. तीच वायर जुनीत घातली. तीही शांत. एक तार छेडली, आणि आठ महिने दबलेला तिचा आवाज खोलीभर पसरला. खोटं कशाला बोलू, नवीपेक्षा भरदार होता.

"नाचता येईना," बायको म्हणाली, आणि अंगणाचं माझ्यावर सोडून उठून गेली.

संध्याकाळच्या आत मी जुनी गिटार आणि जुनी वायर घेऊन भावजींच्या दारात उभा होतो. भिंतीवर गिटारी टांगायच्या खुंट्या तेवढ्या होत्या, गिटार एकही नव्हती. भावजी एका इस्त्रीचं पोट उघडून बसले होते.

"अहो, कोण आलंय?" ताई आतून एवढ्या जोरात ओरडली की मी दचकलो. गेले काही महिने ती त्यांच्याशी अशीच बोलते. मला वाटायचं, दोघांचं काहीतरी बिनसलंय.

गिटार पाहताच भावजींनी हात हलवला. "वाद्यं नाही घेत रे मी आता. पंखा चालला तर वारा लागतो, इस्त्री तापली तर चटका बसतो. ऐकावं लागत नाही."

मी गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"तुझी गिटार तेव्हा मी चारदा लावून पाहिली होती," ते म्हणाले. "मला काही घुरघुर ऐकू येईना. तू म्हणालास येते. म्हटलं, पोराचा कान चांगला आहे, म्हणजे आपलेच गेले. ताई तुझी म्हणते डॉक्टरकडे चला. कळलेलंच परत कळवून घ्यायला कशाला जायचं?"

वायर आत्ताच तुटली असेल, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. इतका मी हलकट आहे. पण मी वायर त्यांच्यापुढे टाकली. "भावजी, गिटारीत काहीच नव्हतं. ही खराब होती. पहिल्यापासून. माझीच."

त्यांनी टोकाचं झाकण फिरवून काढलं, भिंग डोळ्याला लावलं. घुरघुर अडवणारी तारेभोवतीची जाळी तुटून लोंबत होती.

"म्हणजे मी माझ्या वायरने लावली तेव्हा गिटार शांतच होती?"

"हो."

"मोठ्याने सांग."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी ओरडलो, "शांतच होती, भावजी! तुम्ही ऐकलंत ते बरोबर होतं!"

"मला आलं रे ऐकू," ते म्हणाले. "तुझ्या ताईला ऐकू जाऊ दे."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग ताईचा आवाज आला, कितीतरी महिन्यांनी हळू. "चहा घेणार का?"

"अर्धा कप," भावजी म्हणाले.

कप दोनच आले, त्यांचा आणि तिचा.

"आणि ह्याला?" भावजींनी विचारलं.

"ह्याला आधी फोन करू दे," ताई म्हणाली. "ज्यांच्यापुढे नकला केल्या त्यांना. इथून, आमच्यासमोर. मला सगळं कळलंय, ह्यांना सांगितलं नव्हतं."

भावजींनी नकलेचं ऐकून माझ्याकडे पाहिलं. मला वर बघवेना. मी कसाबसा आमच्या ड्रमवाल्याला फोन लावला. "ऐक ना," म्हटलं, "मी भावजींकडून बोलतोय."

तो हसायलाच लागला. "जोरात बोल रे! बहिऱ्याच्या दुकानात आहेस!"

मी फोन कानाशी घट्ट दाबला. टेबलापलीकडे भावजींनी मान खाली घातली आणि इस्त्रीचा स्क्रू शोधायला लागले. त्यांना स्पष्ट ऐकू आलं होतं.