मेरूपाशी

"बटणावर भरवसा ठेवू नको गं, टोपीवर ठेव. बटण दाबलं की कॅमेरा हलतो. टोपी उचलली तर काय हलंल? हवा!"

बुधाजी फोटोवाल्याचं हे बोलणं त्याच्या लेकीच्या, जिजाच्या कानात अजून होतं. बुधाजी जाऊन चार वर्षं झाली. कर्जत स्टेशनाजवळची त्याची फोटोची खोली आता जिजाचा धाकटा भाऊ पदू चालवत होता. पण घडीचा जुना कॅमेरा आणि वडिलांची काळी टोपी जिजाने भिसेगावला आपल्या सासरी आणून ठेवली होती. टोपी ती देवाच्या वस्त्रासारखी घडी करून ठेवी.

आषाढात ती मावससासूला बघायला खालापूरच्या पलीकडे जाऊन आली. सोनुबाई ही सासूची, धोंडूबाईची थोरली बहीण. दोघींना भाऊ नव्हता. माहेरचं घर मिटलं तेव्हा देवांचे चांदीचे टाक धाकटीच्या पदरात आले, आणि थोरलीने कधी हूं की चूं केलं नाही. आता तिला अंथरुणावरून उठवत नव्हतं, आणि इकडे धोंडूबाईचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते.

"पोरी," सोनुबाई जिजाचा हात धरून म्हणाली, "आमचे देव नि आमची धोंडी एका कागदावर आणशील? देवापुढं बसली की ती आमच्या आईवानी दिसते. डोळे उघडे दिसू देत, ओठ बी नीट दिसू देत. तेवढं बघून घेते."

"गौरी यायच्या आत आणते," जिजा बोलून गेली.

बोलणं सोपं होतं. देवघर माजघराच्या आत, खिडकी नाही. उजेड काय तो वरच्या काचेच्या एका कौलातून उतरायचा, आणि पावसाळ्यात त्याच्यावरही ढगाचं पांघरूण. त्यात धोंडूबाईचा नेम असा, की चातुर्मासात देवघरात समईशिवाय दुसरा दिवा लावायचा नाही.

पदू हसला. "ताय, माझा फ्लॅश घेऊन जा. एकच चमक. देव काय दिपून पाटावरून खाली पडतायत?"

"देव नाय पडायचे रं. आत्याबाईंचा नेम पडंल."

"मग काढ अंधाराचा फोटो!"

जिजाने काढले. पहिले दोन हातात धरून. त्यात देव, सासू, भिंत सगळं एकमेकांत कालवलेलं आलं. मग तिला टोपी आठवली. तांदळाचं अर्धं भरलेलं पोतं चौरंगावर ठेवून तिने कॅमेरा त्यात बोटभर रुतवला. कळ अशी लावली की एकदा दाबलं की काचेमागचं दार उघडंच राहावं आणि पुन्हा दाबलं की मिटावं. काचेपुढे काळी टोपी धरून दाबलं, थरथर निवू दिली, मग टोपी बाजूला केली. मनात तीन वेळा 'श्रीराम' म्हटलं, टोपी परत पुढे धरली आणि दार मिटलं. तसं आणखी एकदा केलं.

पदूने याही वेळी अंधाऱ्या खोलीत रोलाचा झालेला तुकडा तेवढा कापून ते दोन्ही धुऊन आणले. टाकांवरची नक्षी मोजून घ्यावी इतकी लख्ख, समई लख्ख, भिंतीवरचा पोपडासुद्धा लख्ख. आणि धोंडूबाईचं तोंड ओल्या फडक्याने पुसल्यासारखं.

"देव ऱ्हायले नि मी गेले," धोंडूबाई फोटो लांब धरून म्हणाली. "बरंच झालं म्हणायचं. पण सोनीला हे दाखवलंस तर ती रडायला बसंल."

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. धोंडूबाई देवापुढे बसली की तिच्या हातात माळ चाले आणि ओठांवर नाव चाले, आणि नावाबरोबर मान किंचित डुले. तीन श्रीराम होईस्तोवर तिचे चार मणी सरत.

"आत्याबाई, घडीभर..." जिजाने तोंड उघडलं आणि मिटलं. फोटोसाठी नाव थांबवा, हे तिच्या जिभेवर येईना. ती स्वतः सोमवार धरणारी बाई. उपवासाच्या दिवशी कुणी तिला 'एवढा घास खा, फोटो चांगला येईल' म्हटलं असतं तर?

रोलात आता एकच फोटो उरला होता. दुसरा रोल पदूकडे गणपतीच्या आधी यायचा नव्हता.

दोन दिवस सकाळी तिने कॅमेऱ्याला हातच लावला नाही. सूप घेऊन माजघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली आणि नजर सासूकडे ठेवली. मणी सरत होते, ओठ हलत होते, मान डुलत होती. आणि मग लाल गोंडा सासूच्या बोटांशी आला. गोंड्याच्या वर मेरुमणी. जपात मेरू ओलांडत नाहीत, माळ तिथूनच उलटी फिरवतात, हे जिजाला ठाऊकच होतं. पण फिरवायच्या आधी सासू थांबते, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. बोटं थांबली, ओठ मिटले, मान स्थिर झाली. डोळे उघडे, टाकांवर लागलेले. जिजाने मोजलं. एक श्रीराम, दोन, तीन, चार. मग माळ फिरली आणि ओठ पुन्हा हलू लागले.

दुसऱ्या माळेला तसंच. तिसऱ्याला तसंच.

जिजाच्या सुपातले तांदूळ तसेच राहिले.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, निरंकार उपवासाने, ती पोत्यामागे बसली. कॅमेरा रुतवला, टोपी हातात घेतली. पहिल्या माळेचा गोंडा वर आला तेव्हा कौलावर ढग होता. ती वेळ तिने जाऊ दिली. दुसऱ्या माळेच्या अर्ध्यावर कौलाची काच उजळली आणि उजेड धोंडूबाईच्या गालावर उतरला. लाल गोंडा सरकत सरकत वर आला. जिजाने टोपी काचेपुढे धरली, कळ दाबली आणि श्वास आवरला.

बोटं थांबली.

टोपी बाजूला. एक श्रीराम. गोठ्यात म्हैस हंबरली. दोन श्रीराम. धोंडूबाई हलली नाही. तीन. टोपी पुढे.

चौथ्या दिवशी पदू स्वतःच भिसेगावला आला, तो पायरीवरूनच ओरडत. "ताय, पापण्यांचे केस दिसतायत गं! फक्त समईची ज्योत तेवढी हललीय."

"हलू दे. तिला कोण सांगणार?"

"बाबा असते तर म्हणाले असते, पोर माझ्या वरताण निघाली."

"बाबा असते तर आधी टोपीची चौकशी केली असती. तांदळाची भुकटी लागलीय सगळी."

धोंडूबाईने फोटो काचेच्या कौलाखाली नेऊन पाहिला. मग म्हणाली, "ही मी नाय गं. ही आमची आई हाय."

"आत्याबाई, मेरूपाशी तुमी थांबता ते कशाला?"

धोंडूबाई जरा लाजली, चोरी पकडल्यासारखी. "माळभर देवाचं नाव घेते. फिरवायच्या आधी एकदाच माझं कायतरी मागते. म्हणते, माझ्या सोनीकडं बघ रं बाबा. एवढंच. कुणाला सांगू नको."

जिजाने पुन्हा फोटोकडे पाहिलं. ते उघडे डोळे, ते मिटलेले ओठ. सोनुबाईने मागितलं होतं तेच, आणि मागितलं नव्हतं तेही.

गौरींना अजून आठ दिवस होते. दुसऱ्या सकाळी तिने देवापुढे हात जोडले, फोटो दोन पुठ्ठ्यांत घालून धुतल्या फडक्यात बांधला आणि काखेत छत्री मारली. आत माळ चालू होती, म्हणून हाक न मारताच ती पायरी उतरली आणि खालापूरच्या एसटीसाठी वाटेला लागली.