ढब्बूचे दात आणि मी

मित्रांनो, मी एक जुना चामडी हातमोजा आहे. डाव्या हाताचा. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आत्ताच उठा.

एका लहानशा कारखान्यात जाड चामड्याचे तुकडे शिवून मला बनवले. एका वेल्डरने मला विकत घेतले आणि नऊ वर्षे मी त्याच्याबरोबर फाटके, जिने, खिडक्यांचे गज जोडले. ठिणग्या उडायच्या, तापलेले लोखंड चटके द्यायचे, पण आतल्या हाताला मी साधा फोड येऊ दिला नाही. "हा आहे म्हणून माझी बोटं शाबूत आहेत," असे तो चारचौघांत सांगायचा. मी फुशारून जायचो. पुढे अंगठ्यापाशी माझे चामडे विरले. वेल्डरने नवी जोडी आणली आणि मला घरी नेऊन दारामागच्या खिळ्याला अडकवले. "असू दे, पडेल कधीतरी उपयोगी."

पडलो ना! त्याच महिन्यात घरात कुत्र्याचे पिल्लू आले. वेल्डरच्या तिसरीतल्या मुलीने त्यासाठी वर्षभर हट्ट धरला होता. पिल्लू गोलमटोल, म्हणून त्याचे नाव ढब्बू. चपला, खुर्चीचे पाय, पडद्याची किनार, माणसांची बोटे, जे तोंडापुढे येईल ते तो चावायचा. मुलीच्या हातापायांवर ओरखडेच ओरखडे.

तिची मावशी जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. ती म्हणाली, "अगं, दात येताहेत त्याचे, हिरड्या शिवशिवतात. ओलं फडकं पिळून बर्फात ठेव आणि ते चघळायला दे. बोट धरलं तर मारायचं नाही. 'आई गं' म्हणायचं, खेळ बंद करायचा आणि पाठ फिरवायची. पण घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं बरं का, नाहीतर त्याला काही कळणार नाही."

पोरीने ते मनावर घेतले. मी खिळ्यावरून बघत होतो. दिवसातून वीस वेळा 'आई गं', वीस वेळा पाठ. तिला रडू यायचे, पण तिने हट्ट सोडला नाही. पंधरवड्यात ढब्बू 'आई गं' ऐकले की बोट सोडून ते चाटू लागला.

आणि संध्याकाळी वेल्डर घरी यायचा. मला हातात चढवायचा आणि ढब्बूच्या नाकासमोर नाचवायचा. "घे! धर! सोडू नको!" ढब्बू गुरगुरत मला लोंबकळायचा. "शाब्बास रे वाघा!"

खोटे कशाला बोलू? मलाही मजा यायची. खिळ्यावर धूळ खात पडलेल्याला पुन्हा कुणीतरी हातात घालत होते.

"बाबा, असं नका ना करू. मावशी काय म्हणाली?"

"अगं, मोजा आहे ना हातात! मला कुठे लागतंय? आणि राखणीचा कुत्रा मिळमिळीत असून कसं चालेल?"

हाच माणूस जेवताना ढब्बूने उघडा हात धरला की त्याच्या थोबाडावर चापट मारायचा. पिल्लू बावचळून बघत राहायचे. शेवटी त्याने आपल्या परीने अर्थ लावला. उघडा हात चाटायचा, मोज्याच्या हातावर तुटून पडायचे.

सात-आठ महिने गेले. दुधाचे दात पडून ढब्बूला चांगले सुळे आले. एका सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघरात काचेची बरणी फुटली. आई-वडील बाहेर गेले होते. काचा ढब्बूच्या पायात जातील म्हणून मुलगी त्या उचलायला निघाली आणि स्वतःला लागू नये म्हणून तिने मला हातात घातले. शहाणी पोर! ढब्बूने मला पाहिले आणि शेपटी हलवत झेप घेतली.

"आई गं!" ती ओरडली. पण माझ्या बाबतीत हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता. त्याने अजून जोर लावला. त्याचा सुळा माझ्या विरलेल्या अंगठ्यातून आरपार गेला. नऊ वर्षे मी आग अडवली, पण तो एक दात मला अडवता आला नाही.

पोरीच्या अंगठ्याला सात टाके पडले. अंगठा आता नीट वळणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

"बाबा, तो मला नाही चावला," पोर म्हणाली, "तो मोज्याला चावला. तुम्हीच सांगितलं होतं त्याला."

वेल्डरने मान खाली घातली. आई म्हणाली, "मला आता धीर होत नाही. न्या त्याला." मावशीने चार ठिकाणी विचारून पाहिले, पण चावरा कुत्रा कोण ठेवून घेणार?

तिसऱ्या दिवशी वेल्डरने ढब्बूच्या गळ्यात दोरी बांधली आणि भीतीपोटी मला हातात घातले. मला बघून ढब्बू हरखलाच! वाटभर उड्या मारत होता. नगरपालिकेच्या कुत्र्यांच्या कोंडवाड्याच्या दारातल्या माणसाने विचारले, "चावतो?"

"हो."

"कुणी सवय लावली?"

वेल्डरने मला पाठीमागे लपवले.

"चावरा कुत्रा आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. आठ दिवस ठेवतो, मग कायमचं झोपवायचं इंजेक्शन. इथे सही करा."

वेल्डरने सही केली. जाळीतून ढब्बूने माझे बोट दातात धरले आणि शाबासकीची वाट बघत त्याच्याकडे टक लावून पाहिले. वेल्डरने हात ओढून घेतला. या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

मित्रांनो, पिल्लू तुमचा हात तोंडात धरते तेव्हा ते दुष्ट नसते. हे चालेल का, एवढेच ते विचारत असते. घरातल्या सगळ्यांनी त्याला एकच उत्तर द्या. चघळायला फडके द्या, हात देऊ नका. मोठी माणसे हसत हसत भलतेच शिकवत असतील तर त्यांना अडवा. ऐकलेच नाही, तर माझ्यासारखा मोजा सरळ चुलीत घाला. आम्हाला वाईट वाटणार नाही.