बारा मिनिटं

माझ्या मुलाचा जन्म एकतीस डिसेंबरला रात्री अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी झाला, असं कागदावर लिहिलेलं आहे. तो कागद मी वीस वर्षं मनातून मानलेला नाही. त्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मागे होतं, असं माझं मत. आमच्या भागात वर्षातलं पहिलं बाळ जन्मलं की वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो, आणि दुकानदार मिळून टोपलीभर भेटी देतात. लंगोट, दुपटी, गाडीतली बाळाची खुर्चीसुद्धा. बारा वाजून चार मिनिटांनी शेजारच्या खोलीत एक मुलगी झाली आणि टोपली तिला गेली. नर्स त्या मुलीच्या आजीशी जरा जास्तच हसून बोलत होती. माझी बायको ओदेत म्हणाली, पोर धडधाकट आहे ना, मग गप्प बस. मी गप्प बसलो, पण विसरलो नाही.

संशय घेणं हा माझा धंदाच आहे. कॅनडातल्या लेमिंग्टनच्या काचघरांत टोमॅटो पिकतात आणि पॅकिंगच्या पट्ट्याशी मी उभा असतो. पट्टा सरकत राहतो, वरून सगळे लालबुंद, आणि त्यांतला आतून नासलेला तेवढा मला उचलायचा असतो. सव्वीस वर्षं हे केल्यावर माणूस माणसांकडेही तसाच बघायला लागतो. त्यात आम्ही पोर्तुगालच्या असोरेस बेटांवरचे. समुद्र शांत दिसला की आमचे म्हातारे होड्या वर ओढून ठेवत.

इकडे मुलांचे फुटबॉलचे संघ जन्मवर्षावरून पाडतात. जानेवारीचं पोर आणि डिसेंबरचं पोर एकाच गटात. त्यामुळे आमचा दारियो दर वर्षी गटातला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत बुटका. प्रत्येक प्रशिक्षकाला मी ऐकवायचो की बारा मिनिटं इकडची तिकडे झाली असती तर हा खालच्या गटात राजा असता. ते बिचारे मान डोलवायचे. पण अंगावर कोणी येऊन आदळायच्या आत चेंडू सोडून द्यायला दारियो शिकला तो त्या बुटकेपणामुळेच, असं लोक म्हणतात. अठराव्या वर्षी विंझरच्या व्यावसायिक क्लबनं त्याला मधल्या फळीसाठी घेतलं.

पहिले दोन हंगाम तो बाकावरच बसला. तिसऱ्या हंगामाला, म्हणजे तो वीस वर्षांचा असताना, एप्रिलमधल्या पहिल्याच सामन्यात मॅक्रेडीनं त्याला सुरुवातीपासून उतरवलं. मॅक्रेडी म्हणजे त्यांचा प्रशिक्षक, सडबरीचा, खाणकामगाराचा मुलगा, कधी हसताना न दिसलेला. पुढच्या सामन्यातही दारियो. त्याच्या पुढच्याही. ओदेतनं देवापुढे मेणबत्ती लावली. मला मात्र झोप लागेना. दोन वर्षं ज्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही, त्याच्यावर एकदम एवढं प्रेम कसं उतू गेलं?

उत्तर मिळालं आमच्या पोर्तुगीज क्लबात, पत्ते खेळताना. लिबेरियो पानं वाटत होता. त्याला सगळ्या जगाची खबर असते आणि त्यातली निम्मी खरी निघते.

"मिनिटं रे, सेराफिम," तो म्हणाला. "लीगचा नियम आहे. एकवीसच्या आतल्या कॅनडाच्या पोरांना हंगामात मिळून दोन हजार मिनिटं मैदानावर ठेवावंच लागतं. नाही ठेवलं तर लीग कान पिळते. तुझा पोरगा वीसचा. आता बस हिशोब करत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी घरी येऊन मी फ्रिजवरचं बियाणं कंपनीचं कॅलेंडर खाली काढलं आणि प्रत्येक सामन्याच्या चौकोनात दारियोची मिनिटं लिहिली. संघातल्या दुसऱ्या लहान पोरांचीही लिहिली. तेव्हापासून सामना बघायला जाताना मी पेन्सिल खिशात ठेवायला लागलो.

खुणाही पटापट जुळत गेल्या. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास मॅक्रेडी दारियोला बाहेर काढायचा. चांगला खेळत असला तरी काढायचा, वाईट खेळत असला तरी काढायचा. आता चांगल्या खेळणाऱ्याला कोण बाहेर काढतं? हप्ता भरल्यासारखी रोजची मिनिटं भरायची आणि पोराला बाजूला करायचं. ओदेत स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसून हात आपटायची आणि म्हणायची, तू पोराचा खेळ बघतोस की घड्याळ? मी म्हणायचो, दोन्ही. ते खोटं होतं.

जूनमधल्या एका रविवारी दारियो जेवायला आला होता. केल नावाच्या पालेभाजीचं सूप होतं, गोड पाव होता. मी त्याला कॅलेंडर दाखवलं आणि नियम समजावला. तो हसला. म्हणाला, संघात असलं काही कोणी बोलत नाही.

"बोलतील कशाला?" मी म्हणालो. "कामापुरता मामा आहेस तू त्यांचा. दोन हजार झाली की बघ, बाकावर बसवतात की नाही."

ओदेतनं पळी जोरात भांड्यात टाकली. दारियो पाव खात राहिला. निघताना दारात बूट घालता घालता त्यानं विचारलं, "पाई, म्हणजे मी चांगला खेळत नाही का?"

आम्ही वडिलांना पाई म्हणतो. मी म्हणालो, तू खेळतोस रे चांगला, पण त्यांना त्याचं काय? त्याला धीर द्यावा म्हणूनच मी बोललो होतो. तो खाली बघून नाडी बांधत राहिला, आधीच बांधलेली.

त्यानंतर त्याचा खेळ थोडा बिघडला, हे मलाही कळत होतं. बाहेर बोलावलं की पूर्वी तो आत येणाऱ्या पोराच्या हातावर टाळी देऊन धावत यायचा. आता मॅक्रेडीकडे न बघता चालत यायला लागला. मला वाटलं, आलं पोराला शहाणपण.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, विसाव्या सामन्यात, माझ्या कॅलेंडरवरची बेरीज दोन हजारांवर गेली. चौदाशे दारियोची, बाकी इतरांची. पुढच्या सामन्यात दारियो बाकावर होता. त्याच्या जागी अठरा वर्षांचं एक पोर उतरलं, मिसरूड न फुटलेलं. माझं बोलणं अक्षर न अक्षर खरं झालं होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण पोराचं वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं.

सप्टेंबरमध्ये क्लबनं दारियोपुढे नवा करार ठेवला. दोन वर्षांचा, पगार आधीपेक्षा बरा, आणि सही करायला महिनाअखेरपर्यंत मुदत. दारियोची सही करायची इच्छा होती. फोनवर तो म्हणाला, मला इथलंच आवडतं, मुलं चांगली आहेत, आणि मॅक्रेडी कमी बोलतो पण शिकवतो. मी विचारलं, मग बाकावर का बसवलंय? त्याला बोलू न देता मी म्हणालो, मिनिटं भरून झाली, आता बाकावर बसवून ठेवायला त्यांना खुंटीला बांधलेला बैल हवाय. लिबेरियोचा भाचा पोर्तुगालात ब्रागाजवळ एका तिसऱ्या दर्जाच्या क्लबात आहे, तो चाचणीला बोलावतोय. आपल्या माणसांत जा.

"मी मॅक्रेडींनाच विचारू का?" दारियो म्हणाला. "सरळ विचारतो, मला मिनिटांसाठी खेळवता का म्हणून."

"चोराला विचारणार, तू चोरी केलीस का?" मी म्हणालो. "काय सांगेल तो?"

त्यानं विचारलं नाही. सहीही केली नाही. मुदत शुक्रवारी संपली.

मंगळवारी पाळी संपवून मी विंझरला क्लबच्या ऑफिसात गेलो. दारियोचे ब्रागाला पाठवायचे कागद आणायचे हे निमित्त होतं. खरं म्हणजे मला ते कॅलेंडर मॅक्रेडीच्या टेबलावर आपटायचं होतं. तो ज्योस्लिनच्या खोलीत उभा राहून कॉफी पीत होता. ज्योस्लिन बेझेर क्लबचं सगळं कागदी काम बघते, साठीची बाई, चष्मा साखळीला लटकवलेला. मी कॅलेंडर उघडलं आणि एप्रिलपासून सुरू झालो. सत्तरावं मिनिट. पुन्हा सत्तरावं. एकाहत्तरावं. दोन हजार भरले आणि पोरगा बाकावर. बोलून दाखवलं सगळं, आवाज न चढवता, कारण माझी बाजू पक्की होती.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग ज्योस्लिननं चष्मा लावला आणि कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यावर एकवीसच्या आतल्यांची पाच नावं होती. मी दोनदा वाचली.

"यात दारियो कुठंय?" मी विचारलं.

"तो नाहीच यात," ती म्हणाली. "हे वय वर्षावरून धरतात, मिस्टर आरुदा, वाढदिवसावरून नाही. या वर्षात ज्याला एकवीस पूर्ण होतात तो बाहेर. दारियोला एकतीस डिसेंबरला होतात. एक दिवस उशिरा जन्मला असता तर असता यादीत."

"बारा मिनिटं," मी म्हणालो.

"काय?"

जन्मवर्षावरून पाडलेले गट मी आयुष्यभर उगाळले होते. प्रत्येक मैदानाच्या कडेला उभं राहून उगाळले होते. आणि 'एकवीसच्या आतला' हा शब्द ऐकल्यावर पोराचं वय वीस, एवढंच मी बघितलं.

मॅक्रेडीनं कप खाली ठेवला. तो चिडला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. तो म्हणाला की दारियोला उतरवायचं म्हणजे दर वेळी यादीतलं एक पोर बाहेर ठेवावं लागायचं. म्हणून सत्तर मिनिटं दारियोला द्यायची आणि उरलेली वीस त्या पोराला. क्लबच्या मालकांनी दोनदा त्याला फैलावर घेतलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस यादीतल्यांची चौदाशे मिनिटं कमी पडत होती आणि आठच सामने राहिले होते. तेव्हा कुठं दारियोला बसवावं लागलं. कोण यादीत आहे हे तो पोरांना कधीच सांगत नसे, नाहीतर यादीतली पोरं आळसावतात.

"तो यादीत असता तर माझं काम सोपं होतं," तो म्हणाला. "मी त्याला खेळवला, कारण त्याच्यापेक्षा चांगला माझ्याकडे कोणी नव्हता."

मी विचारलं, अजून सही करता येईल का. ज्योस्लिन टेबलाकडे बघायला लागली. मॅक्रेडी म्हणाला, काल त्याच्या जागी लावालचा एक मुलगा घेतला. दोन दिवस दारियोच्या फोनची वाट पाहिली, मग घेतला.

परतीच्या रस्त्यावर काय काय लागलं ते मला आठवत नाही. दारियो आमच्याकडेच होता, स्वयंपाकघरात, आईबरोबर बॅग भरत. मनात आलं, सांगू नये. ब्रागाला जाऊ दे, कशाला कळायला हवं? पण आयुष्यभर इतरांनी माझ्यापासून काय लपवलं ते शोधत आलो, आता मीच लपवायला बसू? मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. पाच नावं, वर्ष, सत्तर मिनिटं, लावालचा मुलगा. माफी मागितली.

ओदेतनं गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

दारियो हातातल्या मोज्यांची जोडी दुमडत होता. "म्हणजे ती सगळी मिनिटं माझीच होती," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही सगळे सामने बघितलेत ना, पाई?"

"घरच्या मैदानावरचे सगळे. बाकीचे फोनवर."

"मग माझा एक पास सांगा. कुठलाही. आवडलेला."

मी डोकं खाजवलं. हॅलिफॅक्सविरुद्ध तू एकाहत्तराव्या मिनिटाला बाहेर आलास, मी म्हणालो. तो म्हणाला, मिनिट नको, पास सांगा. मी एप्रिलपासून सगळे चौकोन डोळ्यांपुढे आणले. सगळ्यांत आकडे होते. वीस सामने, आणि मला माझ्या पोराचा एक पास आठवेना.

"राहू दे," तो म्हणाला, आणि मोजे बॅगेत ठेवले.

तो गेला. ब्रागाच्या लोकांनी चाचणी घेतली आणि जानेवारीपर्यंत थांबायला सांगितलं. घ्यायचं की नाही ते मग ठरवणार. तोवर तो लिबेरियोच्या भाच्याकडे राहतो, सकाळी त्यांच्याबरोबर सराव करतो, दुपारी एका गोदामात माल उतरवतो. आईला फोन करतो. मला ती सांगते.

विंझरचे जुने सामने फोनवर पुन्हा बघता येतात. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात घड्याळ असतं. त्याच्यावर अंगठा ठेवून मी एकेक सामना पहिल्यापासून बघायला घेतला. पाळीनंतर, गाडीतच बसून. अंगठ्याला रग लागते. पोरगा चांगला खेळतो. इतका चांगला खेळतो, आणि हे मला त्या सडबरीच्या माणसाकडून कळावं लागलं.

काल मी त्याला फोन केला. वाजत राहिला. नाव बघून त्यानं उचलला नाही असा मला संशय आहे, आणि हा संशय तरी खोटा नसावा. मी निरोप ठेवला. म्हणालो, "हॅलिफॅक्सचा सामना. चेंडू तुझ्याकडे पाठीमागून आला, दोघं अंगावर होते. तू मान वर न करता डाव्या पायानं उजवीकडच्या कोपऱ्यात सोडलास, आणि तिथं कोणी नव्हतं. मग तो लांब पोरगा धावत तिथं पोचला. त्याला तरी कसं कळलं तू तिथं देणार म्हणून? मी चार वेळा बघितला."

कितव्या मिनिटाला, ते सांगितलं नाही.